पुराचे शब्द : लिंबायतच्या खाडीकाठावरून

(अकादमीच्या व्याख्यानमालेत दिलेले भाषण; छपाईसाठी थोडे संपादित)



अकादमीने मला ‘निसर्ग आणि मराठी साहित्य’ असा ऐसपैस विषय दिला होता. पत्रव्यवहार करून मी तो आखडून घेतला. आज मी एका शब्दाविषयी आणि एका वस्तीविषयी बोलणार आहे. शब्द आहे ‘पूरनियंत्रण’ आणि वस्ती आहे सुरतेतील लिंबायत. त्या भागातून येणाऱ्या मुलामुलींना मी पंचवीसहून अधिक वर्षे साहित्य शिकवते आहे. माझे म्हणणे असे की, हा शब्द त्यांच्या उपयोगाचा नाही. उलट त्यांच्या घरात शिरणारे पाणी तो आपल्या नजरेआड करतो. तो कसा, हे सांगण्यासाठी मला थोडे भूगोलात आणि थोडे हिशेबात शिरावे लागेल. साहित्याच्या प्राध्यापिकेने क्युसेकचा हिशेब मांडला तर आपण हसू नये, एवढी विनंती.

ज्यांनी लिंबायत पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगते. सुरत स्थानकाच्या पलीकडे, रेल्वेमार्गाच्या पूर्वेला पसरलेला हा कामगारांचा भाग. महानगरपालिकेच्या कागदांत याला साउथ-ईस्ट झोन म्हणतात. यंत्रमाग, कापडाच्या गिरण्या, भरतकामाची यंत्रे आणि कापडबाजार यांच्या जोरावर तो वाढला. येथे कानावर येणारी मराठी बहुतांशी खानदेशी आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतली अहिराणी बोलणारी माणसे दोन-तीन पिढ्यांपूर्वी ताप्ती व्हॅली रेल्वेच्या मार्गाने उधन्याला उतरली आणि राहिली. त्यांच्या शेजारी तेलुगू बोलणारे विणकर आहेत, उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार आहेत, उर्दू बोलणारी जुनी कुटुंबे आहेत, ओडिशाहून आलेले कारागीर आहेत. महापालिकेच्या शाळा गुजरातीखेरीज मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमांतूनही चालतात, यावरून या शहराच्या भाषांची कल्पना यावी. आणि या वस्तीच्या मधून एक खाडी जाते. तिचे नाव मीठी खाडी. नावातला गोडवा कुठल्या काळातला असेल ते असो.

आता नदीकडे येते. तापी बैतुल जिल्ह्यात मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून सुरतेच्या खाली समुद्राला मिळते. तिचे खोरे सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटरचे. त्यातले ५१ हजारांहून अधिक, म्हणजे पाचातले चार हिस्से, महाराष्ट्रात आहेत. गुजरातच्या वाट्याला चार हजारसुद्धा येत नाहीत. विदर्भाची पूर्णा, खानदेशच्या वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, अनेर या साऱ्या नद्यांचे पाणी शेवटी सुरतेला जाते. सुरतेच्या पुलाखालून जे पाणी वाहते ते मोठ्या अंशी मराठी मुलखात पडलेल्या पावसाचे असते. लिंबायतची माणसेही तिकडचीच. पाणी आणि माणसे एकाच वाटेने आली. पाणी समुद्राला जाऊन मिळते, माणसे मात्र येथेच राहतात.

याचा एक परिणाम मला फार वर्षांनी उमगला. तापीच्या पुराची पहिली खबर लिंबायतला सरकारकडून येत नाही, नातेवाइकांकडून येते. ‘हतनूरचे दरवाजे उघडले’, ‘गिरणेला पूर आहे’, ‘प्रकाशाला पाणी चढतंय’ हे फोन भुसावळहून, चाळीसगावहून, शहाद्याहून येतात. हतनूरला ४१ दरवाजे आहेत. त्यांपैकी किती उघडले, यावर लिंबायतची वयस्क माणसे उकाईत पुढे काय होणार याचा अदमास बांधतात. मामा, आत्या, चुलतभाऊ अशी सातशे किलोमीटरच्या नदीवर पसरलेली एक तारयंत्रणा आहे म्हणा ना. तिचा उल्लेख कुठल्याही पूरव्यवस्थापनाच्या पुस्तिकेत मी वाचलेला नाही, पण ती आहे आणि चालते.

सुरती गुजरातीत पुराला एक जुना शब्द आहे, ‘रेल’. पुस्तकी गुजरातीत ‘पूर’ चालतो, पण जुना सुरती माणूस ‘रेल आली’ असेच म्हणेल. नर्मदने सुरतेची जी ‘मुख्तेसर हकीकत’ लिहिली, तिच्या शहराला आग आणि रेल या दोन्ही आपत्ती चांगल्या माहीत होत्या. १८३७ साली तर दोन्ही एकाच वर्षात आल्या. आपल्या ‘रेलचेल’मधला रेल आणि हा रेल एकच, असे म्हणण्याचा मोह मला होतो. तो मी आवरते. व्युत्पत्ती जाणत्यांनी पाहावी. पण सुगी आणि संकट या दोहोंना एकच शब्द लागावा यात नदीकाठच्या माणसाला नवल वाटणार नाही.

‘नियंत्रण’ या शब्दाचा प्रवेश होतो तो धरणानंतर. १९६८ च्या ऑगस्टमध्ये तापीला फार मोठा पूर आला. तेव्हा उकाई धरण पुरे व्हायचे होते. त्या पुराचा विसर्ग सुमारे पंधरा लाख क्युसेक सांगतात. १९७२ मध्ये सुरतेच्या वर सुमारे शंभर किलोमीटरवर उकाईचे धरण उभे राहिले आणि शहराला वाटले, आता रेल गेली. पुढे पाळे बांधले, भिंती बांधल्या, नदीकडे उघडणाऱ्या नाल्यांना दरवाजे बसवले. तीन दशके हा विश्वास मुरत गेला आणि त्याच्या भरवशावर शहर नदीच्या अंगावर सरकत गेले.

मग २००६ चा ऑगस्ट आला. खोऱ्यात जोरदार पाऊस झाला, उकाईत येणारे पाणी वेगाने वाढले आणि धरणातून सोडायचे पाणीही वाढवत न्यावे लागले. ते सुमारे नऊ लाख क्युसेकपर्यंत गेले. शहराचा तीनचतुर्थांशाहून अधिक भाग पाण्याखाली होता. शंभराहून अधिक माणसे गेली. येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली अशी की, नऊ लाख हा आकडा १९६८ च्या पंधरा लाखांपेक्षा कितीतरी कमी होता, तरी होप पुलापाशी पाण्याची पातळी कमी राहिली नाही; ती याही वेळी बारा मीटरच्या वर गेली. पाणी कमी आणि पातळी तेवढीच, याचा अर्थ नदीची ओंजळ लहान झाली होती. गाळ, बांधकामे, अडथळे यांनी ती लहान केली. दुसरी गोष्ट पंचांगातली आहे. ९ ऑगस्ट २००६ या दिवशी राखीपौर्णिमा होती. आपल्याकडे तीच नारळी पौर्णिमा. पौर्णिमेला समुद्राला उधाण असते, आणि खंबातच्या आखाताची भरती ही काही मुंबईच्या चौपाटीची भरती नव्हे. ती मोठ्या उंचीने चढते. नदी खाली यायला निघाली आणि समुद्र वर यायला निघाला, अशी ती वेळ होती.

धरणाच्या व्यवस्थापकांवर तेव्हा पुष्कळ टीका झाली. तिच्यातले बरेच रास्त होते. पण मला त्यामागची अडचण भाषेच्या अंगाने पाहावीशी वाटते. उकाईची पूर्ण पातळी ३४५ फूट. शेतीला आणि विजेला धरण त्या पातळीपर्यंत भरलेले हवे. पुराला अडवायचे तर धरण रिकामे हवे. एकाच भांड्याला आपण भरलेले राहा आणि रिकामे राहा अशी दोन्ही कामे सांगितली आहेत. ‘रूल लेव्हल’ म्हणून कोणत्या तारखेला किती भरायचे याचे कोष्टक असते. ते या दोन आज्ञांमधला करार आहे. करार म्हटला की कोणीतरी थोडे सोडायचे असते. ‘नियंत्रण’ या शब्दात ही तडजोड कुठेच दिसत नाही. तो शब्द असे सुचवतो की, एक माणूस आहे, त्याच्या हातात एक चाक आहे आणि ते फिरवले की पाणी थांबते.

आता क्युसेक. पावसाळ्यात सुरतेच्या वर्तमानपत्रांत रोज एक चौकट येते. उकाईची पातळी इतके फूट, पाण्याची आवक इतके क्युसेक, जावक इतके क्युसेक. आवक-जावक हे शब्द धान्यबाजाराचे आणि कचेरीच्या नोंदवहीचे. पाण्यालाही ते लागू झाले याची मला गंमत वाटते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर, म्हणजे दोन बादल्या. नऊ लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला अडीच कोटी लिटर. हे सांगितले तरी आपल्यापैकी कोणाच्या डोळ्यांसमोर काही उभे राहते का? माझ्या नाही. उलट सिंगणपोरचा कॉझवे पाहा. नदीची पातळी सहा मीटरच्या वर गेली की तो वाहतुकीला बंद करतात. ‘कॉझवे बंद झाला’ हे तीन शब्द शहरातल्या पानवाल्यालाही कळतात. त्यांत आकडा नाही, पण माप आहे.

आतापर्यंत मी नदीबद्दल बोलले. लिंबायतचे खरे दुखणे पुढे आहे.

२०२० चा ऑगस्ट, २०२४ चा जुलै, २०२५ चा जून. या तिन्ही वेळी लिंबायतला मीठी खाडीचे पाणी घरांत शिरले. कमरूनगर, परवत, गोडादरा ही नावे बातम्यांत येत राहिली. यांतले शेवटचे उदाहरण विशेष आहे. जूनचा शेवटचा आठवडा, मोसमी पाऊस नुकता सुरू झालेला, उकाई भरण्यापासून कितीतरी दूर. तापी शांत होती. तरी एका दिवसाच्या पावसाने शहर तुंबले आणि खाडीकाठचे पाणी त्यानंतरही काही दिवस हटेना. म्हणजे ज्या यंत्रणेला आपण पूरनियंत्रण म्हणतो, ते धरण, ते पाळे, ती चौकट, यांपैकी कशाचाच त्या पुराशी संबंध नव्हता. वर्तमानपत्रांनी याला वेगळे नाव दिले आहे, ‘खाडीपूर’. शब्द चांगला आहे. तो निदान कबूल करतो की हा पूर निराळा.

या खाड्या तापीला मिळत नाहीत. शहराच्या पूर्वेच्या शेतांतून, बारडोली, पलसाणा, कामरेजकडच्या मुलखातून पाणी गोळा करत त्या शहरात शिरतात आणि दक्षिणेला मिंढोळेच्या मुखाकडे निघून जातात. शहराच्या डोक्यावर आभाळ मोकळे असताना वरच्या तालुक्यांतल्या पावसाने खाडी भरू शकते. लिंबायतच्या म्हाताऱ्यांनी नेमके येथेच हात टेकले आहेत. तापीच्या वरच्या अंगाला त्यांचे मामा आहेत, आत्या आहेत. खाडीच्या वरच्या अंगाला त्यांचे कोणीही नाही. तेथून फोन येत नाही. एका विद्यार्थ्याचे आजोबा मला म्हणाले होते, ‘‘मॅडम, तापीमाय सांगून येते. ही खाडी न सांगता घरात येऊन बसते.’’

पावसाचा साधा हिशेब करू. एक चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर दहा कोटी लिटर पाणी होते. शेत असते तर त्यातले बरेच जमिनीने प्यायले असते. सिमेंटचे रस्ते, पत्रे आणि गच्च्या काही पीत नाहीत. जमीन सपाट, त्यामुळे पाण्याला जायची घाई नाही. खाडीचे पात्र दोन्ही बाजूंनी घरांनी आवळलेले. पुढे समुद्राला भरती असेल तर तोंड बंद. भिंत बांधली तर खाडी बाहेर येत नाही, पण गल्लीतले पाणी खाडीत जातही नाही. मग ते पंपाने उचलावे लागते आणि पंपाला वीज लागते. दरवेळी रस्ता नव्याने करताना जुन्यावरच थर चढवतात. वीस वर्षांत रस्ता वर आला आणि घरे होती तेथेच राहिली. उंबरठ्यावरून तीन पायऱ्या उतरून घरात जावे लागते अशी घरे मी पाहिली आहेत. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तेथेही नालेव्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी आखलेली होती आणि भरती होती. तेथल्या नदीचे नावही मिठीच. दोन शहरांनी आपापल्या मिठीशी एकच वागणूक केली, म्हणून दोघांना एकच उत्तर मिळाले. येवढ्या पावसाला कोणतीही नाली पुरत नाही, हे खरे. पण शंभर-दीडशे मिलिमीटरच्या पावसालाही पुरेनाशी झाली, हे माणसांचे काम आहे.

काही वर्षांपूर्वी मी वर्गातल्या मुलांना एक काम दिले. घरी पाणी शिरले तेव्हा घरातली माणसे कोणते शब्द बोलली, तेवढेच लिहून आणा. निबंध नको, अलंकार नकोत. त्या वह्या मी ठेवल्या आहेत. त्यांतला सर्वांत जास्त वेळा आलेला उच्चार म्हणजे ‘पाणी आलं’. अहिराणीत ‘पानी उनं’. आता गंमत पाहा. लिंबायतच्या घरात ‘पाणी आलं’चे तीन अर्थ आहेत. सकाळी नळाला पाणी आलं. दुपारी पाऊस आला, कारण खानदेशात पावसालाही पाणीच म्हणतात. आणि रात्री खाडी आली. तिन्ही वेळा शब्द तेच. एका मुलीने लिहिले होते की, रात्री आई ओरडली ‘पानी उनं वं माय’, आणि ती अर्धवट झोपेत हंडा घेऊन नळाकडे धावली. पाय टेकला तो पाण्यात. वर्गात हे वाचले तेव्हा सगळे हसले. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या घरात ते घडलेले होते.

दुसरा शब्द होता ‘बॅक मारणे’. ‘गटर बॅक मारते.’ खाडी चढली की तिला मिळणारी गटारे उलटी वाहतात आणि पाणी दारातून येण्याआधी न्हाणीच्या मोरीतून वर येते. हे शिंपल्याएवढे शब्दचित्र आहे. गुजराती, मराठी, भोजपुरी, तेलुगू, सगळे हाच शब्द वापरतात. अनुभवी बायका पावसाळ्यात मोरीच्या भोकावर कापडाचा बोळा आणि वर पाट्याचा दगड ठेवतात. आणि मोरीतून गुडगुड आवाज येऊ लागला की समजतात, तासाभरात पाणी घरात. यंत्रणेकडून येणाऱ्या लाल-नारंगी इशाऱ्यापेक्षा तो आवाज त्यांना अधिक विश्वासाचा वाटतो. हवामान खात्याच्या लाल इशाऱ्यात काही खोटे नसते. पण तो साऱ्या जिल्ह्याला असतो. मोरीतला आवाज तिच्या घरापुरता असतो.

तिसरा शब्द ‘माल’. याच्यासाठी मला थोडे थांबले पाहिजे. लिंबायतच्या अनेक घरांत बायका साड्यांचे काम घरी आणतात. लेस लावणे, टिकल्या चिकटवणे, सुटे धागे कापणे. नगामागे ठरलेले पैसे मिळतात. साड्या जमिनीवर पसरून काम चालते, गठ्ठे भिंतीशी रचलेले असतात. पाणी शिरले की पहिली धाव त्या गठ्ठ्यांकडे. स्वतःचा गहू, मुलांची दप्तरे, टीव्ही नंतर. कारण माल आपला नाही. भिजलेल्या साडीची किंमत मजुरीतून कापून घेतली जाते, आणि ती किंमत कित्येक दिवसांच्या मजुरीएवढी असते. एका वहीत वाक्य होते : ‘आईने आधी साड्या वर टाकल्या, मग मला.’ त्या मुलाला त्यात काही करुण लिहितो आहोत असे वाटलेले नव्हते. तो क्रम सांगत होता.

पुरानंतर पंचनामे होतात. मदतीच्या यादीत ‘कॅशडोल’ आणि ‘घरवखरी’ हे शब्द असतात. घरवखरी म्हणजे गुजरातीत घरसामान. या घरवखरीत दुसऱ्याचा माल बसत नाही. तो ना घरचा, ना दुकानाचा. नुकसान झाले आहे, पण त्याला नोंदीत शब्द नाही. शिवाय आधी एक प्रश्न असतो, तो पूर होता की नुसते पाणी साचले होते? मोठ्या पुराला साल मिळते. लिंबायतची माणसे ‘प्लेगच्या वर्षी’ म्हणतात, म्हणजे १९९४. ‘रेलच्या वर्षी’ म्हणजे २००६. पुण्यात जुनी माणसे अजून ‘पानशेतच्या आधी’ असे म्हणतात, १२ जुलै १९६१ ही तारीख न सांगता. खाडीपुराला असे वर्ष मिळत नाही, कारण तो पुन्हा पुन्हा येतो. ज्याला नाव नाही त्याचे स्मारक होत नाही, चौकशी समिती होत नाही, आणि वाङ्मयही होत नाही.

आता आपल्या अंगणात येते. मराठी कवितेत पूर कुठे आहे, असे विचारले तर आपण सगळे एका क्षणात कुसुमाग्रजांची ‘कणा’ सांगतो. मीही ती दरवर्षी शिकवते, आणि ती मोठी कविता आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तक्रार कवितेबद्दल नाही, तिच्या वापराबद्दल आहे. कुठेही पाणी शिरले की ती फलकांवर येते, भाषणांत येते, आणि तिचा अर्थ ‘तुम्ही खंबीर आहात, तेव्हा आम्हांला काही करायला नको’ इतका खाली आणला जातो. तिच्यातला पूर गंगामाईचा आहे. नदी पाहुणी म्हणून येते आणि जाते, आणि माणूस पुन्हा उभा राहतो. गटारातून उलटे आलेल्या पाण्याला पाहुणी म्हणणे लिंबायतच्या कोणाला जमणार नाही. आणि जो दर दोन-तीन वर्षांनी उभा राहतो, त्याच्या कण्याचे कौतुक करण्याआधी त्याला पुन्हा पुन्हा कोण पाडते हे विचारायला हवे. तुकोबांच्या लव्हाळ्याचा दाखलाही अशा वेळी हमखास निघतो. लिंबायतमध्ये लव्हाळे राहिलेले नाहीत. खाडीकाठी होते, तेथे आता आरसीसी आहे.

विद्यार्थ्यांनी विचारावे, मग आम्ही काय लिहायचे? मी त्यांना आधी शब्द गोळा करायला सांगते, आणि तेच काम मी आज अकादमीपुढे ठेवते आहे. पुराचा एक लहान कोश करावा. मराठी, अहिराणी, गुजराती, हिंदी, उर्दू, तेलुगू, उडिया या भाषांत, लिंबायतसारख्या वस्त्यांतून, माणसे पाण्याबद्दल खरोखर वापरतात ते शब्द. घोट्याइतके, गुडघाभर, कमरेएवढे, छातीएवढे ही मापे. आपल्या भाषेला ती जवळची आहेत. पाणी गळ्याशी येते, नाकातोंडात जाते, डोक्यावरून जाते, या वाक्प्रचारांचे मूळ अशाच मोजमापात असणार. ही मापे इशाऱ्यात यावीत. ‘अतिवृष्टीची शक्यता’ याऐवजी ‘मीठी खाडीच्या काठच्या अमुक गल्ल्यांत रात्री दहापर्यंत गुडघाभर पाणी येईल’ असे वाक्य सांगता यावे. मात्र एक सावधगिरी हवी : गुडघा कोणाचा ते ठरवले पाहिजे. बापाच्या कमरेचे पाणी सहा वर्षांच्या मुलीच्या गळ्याशी असते. माझ्या वह्यांत एका मुलीने आपल्या धाकट्या भावाच्या उंचीने पाणी मोजलेले आहे, आणि तेच माप मला सर्वांत शहाणपणाचे वाटते.

असे वाक्य बोलायला अर्थातच आधी माहिती पाहिजे. खाडीच्या वरच्या अंगाला पाऊस मोजणारी केंद्रे पाहिजेत, पातळी सांगणारे खांब पाहिजेत, भरतीच्या वेळा जुळवून पाहणारा माणूस पाहिजे. ते अभियंत्यांचे काम आहे आणि त्यांतले काही ते करीतही आहेत. पण ती माहिती हाती आल्यावर ती कोणत्या भाषेत, कोणत्या शब्दात, कोणाच्या आवाजात सांगायची हा प्रश्न त्यांनी आपल्याला विचारलेला नाही आणि आपणही तो आपला मानलेला नाही. महापालिकेची गाडी भोंगा लावून गुजरातीतून सूचना देत फिरते. गुजराती लिंबायतला कळते, तक्रार ती नाही. पण ‘नीचाणवाळा विस्तार’, म्हणजे सखल भाग, ही सूचना ऐकून कोणालाही असे वाटत नाही की आपण सखल भागात राहतो. सखल भाग नेहमी पुढच्या गल्लीत असतो. गल्लीचे नाव घेतले, दुकानाची खूण सांगितली, तरच बाई साड्यांचे गठ्ठे वर उचलते. आणि ते दोन तास आधी उचलायचे की पाणी आल्यावर, यावर तिचा महिना अवलंबून असतो.

‘पूरनियंत्रण’ या शब्दाऐवजी काय म्हणावे, असे मला मागच्या वर्षी एका चर्चेत विचारले होते. शासकीय परिभाषेत आता ‘पूरव्यवस्थापन’ म्हणतात. तो शब्द थोडा प्रामाणिक आहे, पण तोही कार्यालयात बसून उच्चारायचा शब्द आहे. लिंबायतचे लोक जे करतात त्याला मी दुसरे नाव शोधत होते. पलंग विटांवर चढवून ठेवणे, शिधा माळ्यावर नेणे, मीटर वर बसवून घेणे, मोरीवर दगड ठेवणे, शेजारच्या वरच्या मजल्यावाल्यांशी वर्षभर बोलणे टिकवून ठेवणे, हे सगळे त्यात यायला हवे. यातली शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे. भांडण असले तरी जूनपूर्वी मिटवतात, हे मला तीन-चार घरांतून ऐकायला मिळाले. वह्यांत या साऱ्याला एकच क्रियापद आहे, ‘पाणी धरून चालणं’. म्हणजे पाणी येणार असे गृहीत धरून चालणे. आम्ही यंदा पाणी धरून चाललो होतो. त्यांनी पाणी धरलं नव्हतं, त्यांचा फ्रिज गेला.

शिक्षक मित्रांना माझी विनंती आहे की, पुढच्या पावसाळ्याआधी आपापल्या वर्गात हे काम द्यावे. वही एका भाषेची नको. मराठी शाळेतल्या मुलाने शेजारच्या तेलुगू आजीला विचारावे, उर्दू शाळेतल्या मुलीने खानदेशी मावशीला. शब्द, तो कोण बोलले, कोणत्या वेळी बोलले, आणि पाणी तेव्हा कुठवर होते, एवढ्या चार गोष्टी पुरेत. शुद्धलेखन तपासू नये. माझ्याकडच्या वह्यांत एका शब्दाचा अर्थ अजून लागलेला नाही. मोरीतून पाणी वर येण्याच्या आधी जो गुडगुड आवाज होतो, त्याला तेलुगू घरांत एक वेगळा शब्द आहे, असे दोन मुलींनी लिहिले आहे, आणि दोघींनी तो देवनागरीत दोन तऱ्हांनी लिहिला आहे. सभागृहात तेलुगू जाणणारे कोणी असतील तर त्यांनी चहाच्या वेळी मला जरूर भेटावे. वह्या मी सोबत आणल्या आहेत.